आण्णासाहेब बारा घरांत मावत नाहीत

१९ सप्टेंबर १९८६, शुक्रवार

टीव्ही माझा. मी हट्ट धरून घेतलेला. आणि आज त्यावर काय दिसतं? एक चौकोन. लुकलुकतोय. मुलानं, पारिसानं, टीव्हीच्या पाठीत वायर खुपसलीय, तिचं दुसरं टोक त्या रबरी बटणांच्या पेटीत, आणि पेटीला आणखी एक वायर लावून टेपरेकॉर्डर. टेपमधून भजन नाही, गाणं नाही. नुसतं किंचाळणं. मी म्हटलं, बंद कर ते. तर म्हणाला, "अव्वा, थांब की जरा, प्रोग्राम लोड हुतोय." घरातला कर्ता माणूस टेप किंचाळायला लावून पुढ्यात मांडी घालून बसतो, ह्याला लोड म्हणतात.

जय जिनेंद्र. हे आधी लिहायचं असतं. राग आधी आला.

डायरी खताच्या दुकानातली, फुकटची. मी दुसरी पास. तिसरीच्या वर्गात बसले आणि लग्न ठरलं. तेव्हा ही कुणी वाचायची नाही. वाचून कळणारही नाही, माझं अक्षर दुसऱ्या दिवशी मलाच लागत नाही.

क्षमावणी झाली. देवळात सगळ्यांपुढं हात जोडले, वर्षभराची क्षमा मागितली. सुनेपुढं नाही जोडले. तिच्याशी मी काही वावगं केलेलंच नाही, मग उगाच खोटं कशाला?

२१ सप्टेंबर, रविवार

रविवारचा पिक्चर गेला. चौकोन बघितला.

पेटी सुनेच्या भावानं, वर्धमाननं, मस्कतहून आणली. म्हणजे हे खूळ कागलच्या माहेराकडून आलं. विजयमालाला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आत्ती, खूळ न्हाय, काम्प्युटर हाय." मला काय ऐकू येत नाही?

पण आज पारिसानं समोर बसवून नीट सांगितलं, म्हणून लिहून ठेवते. फौंड्रीतली नोकरी सोडून तो जे करतोय ते गुळाच्या अडत्यांसाठी. कुठल्या शेतकऱ्याचे किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आले, किती गेले, बटण दाबलं की टीव्हीवर. दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात नव्या गुळाचा पहिला सौदा निघतो. तो झाला की अडत्यांचे अध्यक्ष आदगोंडा पाटील आणि बाकीचे बसून हा प्रोग्राम बघणार. पसंत पडला तर पारिसाचं इथंच बस्तान. नाही पडला तर बेंगलोरच्या एका कंपनीनं जागा धरून ठेवलीय, तिकडं. बायको-पोरीसकट. कंपनीला त्यानं पाडव्यानंतर कळवतो असं सांगून ठेवलंय.

मी म्हटलं, जायचं तर जा. मी कुणाला अडवून धरणारी बाई नाही. तो म्हणाला, "अव्वा, मला तरी कुठं जायाचं हाय?"

प्रोग्राम पसंत पडणार. मला माहीत आहे. मी लक्ष घालणार आहे.

२४ सप्टेंबर

लक्ष घातलं. शेतकऱ्यांची नावं पारिसाला कुठं माहीत? ह्यांची अडत होती तेव्हा बैलगाड्या दारात उभ्या असायच्या. कुणाची गाडी, कुणाचं गुऱ्हाळ, कुणाचा गूळ काळा, सगळं माझ्या डोक्यात. दुपारी मी सांगते, विजयमाला बटणं दाबते. तिला इंग्रजी येतं. बी.ए. आहे. भाकरी मात्र कडेला जाड.

एका नावाला बारा घरं, असं पारिसानं सांगितलंय. एका इंग्रजी अक्षराला एक घर. त्यापलीकडं नाव जाऊ द्यायचं नाही. बरं म्हटलं.

२६ सप्टेंबर

बरं कसलं. आज टीव्हीवर यादी बघितली आणि अंगावर काटा आला. अडत्यांच्या स्वतःच्या शेतातला गूळही यादीत आहे, त्यात आदगोंडा. नुसतं. जसा काही आमच्याकडं शेण काढायला आहे. ज्या माणसानं मान हलवली तर माझा मुलगा घरात राहणार, त्याचं नाव असं उघडंबोडकं? आमच्यात खोताच्या पोराला हाक मारायची तरी राव लावतात.

विजयमालाला म्हटलं, आदगोंडा आण्णासाहेब लिही. तिनं बोटं मोजली. म्हणाली, "आत्ती, बसत न्हाय." म्हटलं, बसव. लग्नात पंगतीला माणूस वाढलं तर उठवून लावतो का आपण? सरकून घे म्हणतो. तिनं लिहिलं, तर पेटी टुक करून बाराव्या घराला थांबली. मग मी म्हटलं, नवं लिहायचं घेत नसेल तर जुनं दुरुस्त करायचं काहीतरी असेल की. तर होतं. दुरुस्तीला गेलं की पेटी मोजत नाही. विजयमालानं लिहिलं, मी एकेक अक्षर उमटताना बघितलं. पूर्ण आलं. आण्णासाहेबसुद्धा.

म्हणजे जागा होती. बी.ए. झालेल्यांना नसते, दुसरी पासला असते.

मग बाकीच्यांचीही नावं माणसांत आणली. कुणाला राव, कुणाला दादासाहेब. पारिसाला सांगायचं नाही असं विजयमालाला बजावलं. तो आधीच दमतो.

२९ सप्टेंबर

पेटी बिघडली.

आदगोंडांच्या नावावर सोळा हजारांवर रवे दाखवते. एवढा गूळ ठेवायला पन्हाळ्याचा गड रिकामा करावा लागेल. आणि त्यांच्या खाली बाळाबाई होती, आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या गूळ घालणारी. ती नाही. तिच्या जागी हेबाबाई.

हेबाबाई नावाची बाई आमच्या अडतीत कधी नव्हती. मी शपथेवर सांगते.

पारिसा दिवस मावळला तरी उठला नाही. मग जेवण चुकलं. आम्ही सूर्य गेल्यावर तोंडात घास घालत नाही, त्याला माहीत आहे. ताट झाकून ठेवलेलं तसंच गाईला गेलं. मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं की तुझ्या बापानं गुळाच्या पायी कधी उपास केला नाही, गूळ विकून आम्ही खात होतो.

१ ऑक्टोबर

समजावून घेतलं. पेटीच्या पोटात ओळीनं घरं आहेत. आधी माणसाच्या नावाची घरं, त्याला लागून त्याच्या रव्यांची, त्याला लागून पुढच्या माणसाचं नाव. भिंती नाहीत. पारिसा म्हणाला, "कोन तरी आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरात शिरतंय आणि तिथलं पुसून आपलं लिवतंय. मेमरीत बेकायदा घुसतंय. कोन घुसतंय त्ये सापडंना."

मी म्हटलं, हेबाबाई.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग म्हणाला, त्याचा संशय त्यानं नावं ओळीनं लावायला जो भाग लिहिलाय त्यावर आहे. तोच भाग तो रोज उसवतो आणि शिवतो.

माझा संशय वेगळा. बाहेरून कुणीतरी येतंय.

४ ऑक्टोबर

संशयितांचा विचार केला. मांजर. शेजारचा चमन, लोखंडी गेटं जोडतो, त्यानं ठिणगी पाडली की आमचा बल्ब मिचमिचतो. वर्धमान, कारण पेटी त्याची. विजयमाला, कारण तिला बेंगलोर आवडतं. एकदा म्हणाली होती की तिथं हवा थंड असते. ज्या बाईला थंड हवा पाहिजे तिच्यावर नजर ठेवावी लागते.

चमनच्या बायकोला, शमशादला, सांगितलं की तुझ्या नवऱ्याला पाडव्यापर्यंत गेटं जोडू नको म्हण. ती म्हणाली, "राजमती, मग पोरांच्या तोंडात काय गेट घालू?" तिची जीभ फार लांब आहे. तरी रोज येऊन बसते. मी बोलवत नाही.

७ ऑक्टोबर

पारिसानं पहारा बसवला. म्हणजे असं, प्रत्येक नावाच्या शेवटी एक जास्तीचं घर काढलं आणि त्यात एक ठरलेला आकडा ठेवून दिला. त्याला कुणी हात लावायचं कारण नाही. तो आकडा बदलला की समजायचं, इथनं कुणीतरी कुंपण ओलांडलं. बाकीच्या रिकाम्या घरांतही एकच आकडा भरून ठेवला, म्हणजे पाऊल पडलं की उठून दिसेल.

ही गोष्ट मला एकदम पटली. माझ्या मुलाला अक्कल आहे, ती कुणाकडून आली हे सांगायला नको.

दुपारी नवा प्रोग्राम आल्यामुळं नावं पुन्हा उघडी झाली होती. विजयमालाकडून पुन्हा नीट करून घेतली. ती म्हणाली, "आत्ती, ह्यांना सांगूया का?" म्हटलं, त्यांना पहारा करू दे. आपण आपलं काम करू.

८ ऑक्टोबर

पहारेकरी मेला. आदगोंडांच्या नावापुढचा. आणखी दोघंतिघं मेले, सगळे मोठ्या माणसांपुढचेच.

पारिसानं विचारलं, दुपारी कुणी पेटीला हात लावला का? विजयमाला म्हणाली, "आत्तींनी नावं दुरुस्त करायला लावली." सरळ. माझ्या तोंडावर. मी म्हटलं, मी? मला इंग्रजी येतं का? माझं बोट लागलंय का एका तरी बटणाला?

नव्हतं लागलं. मी खरं तेच बोलले.

पारिसानं माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. तिला म्हणाला, "अव्वा कशाला खोटं बोलंल?" ती आत गेली. नातीची, चंदनाची, वेणी घालता घालता इतकी घट्ट ओढली की पोर रडली. बघा, राग पोरीवर.

९ ऑक्टोबर

ठराव. आजपासून मी कशात पडणार नाही.

१० ऑक्टोबर

पडणार नव्हते, पण पारिसाची पद्धत चांगली आहे आणि ती तो फक्त पेटीच्या आत वापरतोय. बाहेर कोण वापरणार? दुपारी सगळी आडवी झाल्यावर मी टेबलाच्या भोवती तांदळाचं पीठ पसरलं. पातळ. बारीक चाळणीनं. पाऊल पडलं की उठून दिसेल.

आणि मी कॉटवर डोळे मिटून जागी राहिले.

नंतर बघितलं तर पावलं! माणसाची. अनवाणी. टेबलापर्यंत गेलेली, तिथं थोडी घोटाळलेली, आणि परत कॉटकडं आलेली. मी शमशादला हाक मारली. तिनं वाकून बघितलं, मग माझे पाय बघितले, मग पदर तोंडात कोंबून खाली बसली. म्हणाली, "आगं, ह्यो अंगठा बाहेर वळलेला साऱ्या मंगळवार पेठेत एकीचाच हाय की!"

मी म्हटलं, मी मधे फक्त बघायला गेले होते, चोर आला का ते. ती म्हणाली, "मग आला की."

चोर सावध झाला असणार, म्हणून आला नाही. पीठ मी स्वतःच झाडलं. विजयमाला दारात उभी होती. न बोलण्याची तिला फार सवय लागलीय.

१६ ऑक्टोबर

दसरा झाला. पेटीची पूजा केली. हळद बटणांत गेली तर पारिसा ओरडला.

रोज तेच. सकाळी पहारेकरी बसवतो, दुपारनंतर मेलेले सापडतात. रात्रीचं जेवण आता तो धरतच नाही. गालफडं बसली. मी त्याला म्हटलं, पाडव्याला त्या अडत्यांसमोर तू असा भुतासारखा उभा राहिलास तर गूळ विकायला आलायस का विष, कळायचं नाही. तो म्हणाला, "अव्वा, मला नुसतं ह्ये सापडू दे. मग मी हितनं हलत न्हाय."

मी देवळात नवस बोलले. कशाचा ते लिहीत नाही.

२० ऑक्टोबर

सापडलं.

पारिसाला आज सुचलं की पहारेकरी मेला हे नुसतं बघत बसण्यापेक्षा, मारणारा तिथं काय ठेवून गेलाय ते वाचावं. पेटी सगळं आकड्यांत ठेवते. त्यानं आदगोंडांच्या घरांपलीकडचे आकडे उतरवून घेतले आणि एकेकाचं अक्षर केलं. पाच अक्षरं निघाली. कागद माझ्यापुढं धरला. म्हणाला, "वाच." मी म्हटलं, इंग्रजी आहे. तो म्हणाला, "मी वाचतो. साहेब."

बारा घरांत आदगोंडा आण्णा बरोबर बसले होते. साहेब तेवढे बाहेर सांडले. सांडले ते त्यांच्याच रव्यांवर, आणि उरलेसुरले खालच्या बाळाबाईच्या नावाच्या सुरवातीवर. म्हणजे हेबाबाई ती. साहेबाचं शेपूट लागलेली बाळाबाई.

पारिसा आधी पोट धरून हसला. म्हणाला, "चूक माझीच म्हना. नवं नाव घालताना मोजायला शिकवलं, दुरुस्तीला कुंपणच घालायचं राह्यलं." मग हसायचं थांबला. आत जाऊन विजयमालाला काहीतरी म्हणाला. हळू. मला ऐकू आलं नाही. तिचं मात्र ऐकू आलं, "मी सांगितलं तवा ऐकलं न्हाईसा."

मला म्हणाला, "अव्वा, दुरुस्त्या करत हुतीस तर मला सांगायचं हुतं." मी म्हटलं, तू कुंपण घालायचं विसरलास म्हणतोस, मग मला कशाला?

तो म्हणाला, व्हय.

असो. सापडलं हे महत्त्वाचं. मी आदगोंडांना साहेब म्हटलं नसतं तर हे कुंपण राहिलेलं त्याला कळलं असतं का? उद्या दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, भर बाजारात. तेव्हा कामाला कोण आलं?

२४ ऑक्टोबर

नवी टेप तयार. पारिसानं तिच्यावर तांबड्या शाईनं लिहिलंय. जुनीवर निळी आहे. नवीत आता दुरुस्तीलाही कुंपण. बाराव्या घराला टुक, पुढचं घेतच नाही. तीन दिवस सगळी नावं उलटीपालटी करून बघितली, एक पहारेकरी मेला नाही. मग पहारेकरी काढून टाकले.

पारिसा दिवस असताना जेवला. तीन भाकरी. चंदनाला खांद्यावर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत गेला. विजयमाला गुणगुणत होती. बेसूर.

पाडवा झाला की बेंगलोरला नाही म्हणून कळवणार म्हणाला.

ठराव. मी आता पेटीकडं फिरकणार नाही.

१ नोव्हेंबर

फिरकले नाही. लांबून बघितलं. आदगोंडा आण्णा. एवढंच.

पारिसा म्हणतो आण्णा आहे की, आण्णा म्हणजे मानच झाला. त्याला काय कळतं? आण्णा तर दूधवाल्यालाही म्हणतात. सगळे अडते बसणार, टीव्हीवर नाव येणार, आणि माणूस बघणार की आपल्या नावाचं शेपूट छाटलंय. उठूनच जायचा. मी अडतीतल्या माणसांत आयुष्य काढलंय. ही माणसं भावावरून रागवत नाहीत, मानावरून रागावतात. पारिसाचं सगळं ह्या एका माणसाच्या मान हलवण्यावर आहे आणि पारिसा त्याच्याच नावाला कात्री लावतोय.

जुन्या टेपमध्ये पूर्ण नाव येत होतं. मी डोळ्यांनी बघितलंय.

एक दिवस. एक नाव. नंतर काय ती तांबडी लावा.

३ नोव्हेंबर, पाडवा. सकाळ

टीव्ही रिक्षात चढवला. टेपांची पिशवी माझ्याकडं दिली, कारण मी सांभाळून नेते. टेपरेकॉर्डरमधली तांबडी काढून निळी घातली. दोन्ही सारख्याच किंचाळतात. पारिसाला आता सांगून घाबरवायचं नाही.

नवी साडी नेसले.

३ नोव्हेंबर. संध्याकाळ

थोडक्यात लिहिते.

सौदा झाला, पेढे वाटले, अडते बसले. आदगोंडा पाटील मधल्या खुर्चीत. टेप किंचाळली, सगळे हसले, यादी आली. पारिसा चांगलं बोलला. गणपतराव म्हणून एक म्हातारे अडते आहेत, त्यांनी स्वतःचे रवे विचारले, पेटीनं लगेच दाखवले, तर म्हणाले, "आयला, माझ्या दिवाणजीपेक्षा लवकर!" सगळं छान चाललं होतं.

मग मी विजयमालाला म्हटलं, आण्णासाहेबांचं नाव जरा नीट करून दाखव त्यांना. तिनं पारिसाकडं बघितलं. पारिसा हसून म्हणाला, "कर की. थांबतंय कसं त्ये बघू दे सगळ्यांनी." तिनं अक्षरं दाबली. आण्णा झालं. पेटी टुक करायला पाहिजे होती. नाही केली. ती दाबत गेली. पूर्ण नाव आलं, शेवटच्या अक्षरापर्यंत. मी पारिसाकडं बघितलं, म्हटलं बघ, कसं शोभतंय. तो माझ्याकडं बघत नव्हता. टेपरेकॉर्डरकडं बघत होता.

मग कुणीतरी म्हणालं, आता यादी दाखवा.

सोळा हजार रवे. आदगोंडांच्या नावावर. मागनं एकजण म्हणाला, "काय आण्णा, सगळ्या जिल्ह्याचा गूळ तुमच्याच घरात व्हय? म्हणूनच बाजारात टंचाई!" दुसरा म्हणाला, "आणि ही हेबाबाई कोन? नवीन ठेवलीय काय?" असलं हसले, असलं हसले. आदगोंडांचं तोंड कांद्याच्या सालीसारखं झालं. पारिसानं काहीतरी बटण दाबलं तर चौकोनसुद्धा दिसेना. सगळं काळं. लोक उठले. गणपतराव पारिसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चांगलं हाय रं, पर आमची वहीच बरी."

पारिसानं टेप बाहेर काढली. निळी शाई बघितली. खिशात घातली.

परत येताना रिक्षात टीव्ही त्याच्या मांडीवर होता. मी वाट बघत होते की ओरडेल. मग मी सांगणार होते की मी चांगल्यासाठीच केलं. पण तो ओरडला नाही. म्हणाला, "अव्वा, माझंच चुकलं. लावायच्या आधी टेप बघायला पाहिजे हुती."

बघा. त्यानं स्वतःच कबूल केलं.

५ नोव्हेंबर

बेंगलोरला हो म्हणून तार गेली.

मी म्हटलं, आदगोंडांकडं मी जाते, समजावते. पारिसा म्हणाला, "नको अव्वा. तू कुठं जाऊ नको." हळू बोलला, पण असा कधी बोलला नव्हता.

राग आहे, चार दिवसांत निवळेल. जाणार नाहीत. चंदनाची शाळा आहे.

९ नोव्हेंबर

शाळेचा दाखला काढला.

विजयमाला भांडी काढत होती. म्हणाली, "आत्ती, तुम्ही पन चला की. दोन खोल्या हाईत. चंदना तुमच्यापाशी झोपंल." मी म्हटलं, इथं घर कोण बघणार? आणि ती थंड हवा माझ्या गुडघ्यांना काय करेल? ती म्हणाली, "मग मी काय म्हनू?" डोळ्यांत पाणी आणून. तिच्या डोळ्यांत पाणी फार लवकर येतं. मी तिला मधला डबा दिला, पितळेचा. तो मला लागत नाही. रोज लागतो, पण दुसरा आहे.

१२ नोव्हेंबर

गेली. सकाळच्या गाडीनं. पेटी नेली, टेपा नेल्या. चंदना रिक्षातनं हात बाहेर काढून हलवत होती, मी ओरडले हात आत घे. शेवटचं बोलणं तेच झालं. बरोबरच होतं, समोरनं ट्रक येत होता.

मला काही झालेलं नाही. दोन भाकऱ्या जास्त झाल्या. सवयीनं.

संक्रांतीला येतील.

१८ नोव्हेंबर

शमशाद म्हणाली, "आता तरी पोराला कळव की टेप तूच बदललीस." मी हिला कधी सांगितलं? सांगितलं नव्हतं. म्हणाली, "तुझ्या तोंडावर लिवलंय." मी म्हटलं, त्याला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, "म्हाईत हाय त्ये येगळं, तू सांगणं येगळं."

तिला चहा दिला नाही आज.

नंतर भिंतीवरनं हाक मारून दिला.

२८ नोव्हेंबर

आज दुपारी दाराची कडी वाजली. मी आधी हाक मारली, पारिसा, बघ रे कोण आहे. मग मीच उठले.

आदगोंडा पाटील. स्वतः. आता तक्रार करतो म्हणून मी बोलायचं ठरवून ठेवलं, तर उंबऱ्यातच म्हणाले, "काकी, पानी द्या आधी. आनि पारिसाला बोलवा." मी म्हटलं, बाहेर गेलाय. खोटं नाही, बाहेरच आहे.

पाणी पिऊन म्हणाले, त्या दिवशी माणसं हसली खरी, पण नंतर विचार केला तेव्हा काम चांगलं वाटलं. गणपतराव तर रोज विचारतात, ती रव्यांची पेटी कुठं गेली. आता सांगलीचा कुणी एक परवा त्याचं यंत्र दाखवायला येतोय. त्याच्या आधी पारिसानं एकदा दाखवावं, गावचं पोर आहे. मी म्हटलं, पण तुमच्या नावाचं काय? म्हणाले, "कसलं नाव घेऊन बसलाय काकी? माझा बाप मला मरेपतोर आद्या म्हनत हुता. साहेब काढून टाका म्हनावं. आद्या लिवलं तरी चालंल." मग हसले, खूप वेळ हसले, आणि म्हणाले, "उद्या सांजच्याला मानूस धाडतो, त्याच्याजवळ सांगा, म्हंजी सांगलीवाल्याला थांबवतो. काय सांगू मी त्यांना?"

मी म्हटलं, विचारून सांगते.

गेले. पाणी पिऊन ठेवलेला तांब्या अजून ओट्यावर आहे.

शमशाद म्हणते, पोस्टात चल, आत्ता तार कर, पत्ता घे. पत्ता आहे, विजयमालानं भिंतीवर चिकटवून ठेवलाय. तार करायला काय, दोन शब्द. पण पुढं तो विचारेल, आण्णांनी काय म्हटलं. मग सांगावं लागेल की आद्या लिहिलं तरी चाललं असतं. मग तो म्हणेल, माझंच चुकलं. रिक्षात म्हणाला होता तसा.

तार कशाला? हे त्याच्या कामाचं बोलणं आहे. बाईमाणसानं मधे पडून उलटसुलट सांगितलं की घोळ होतो. मी आता कशात पडत नाही, ठरवलंय.

विजयमालानं बोलायचं नाही. शमशादनं भिंतीपलीकडनं ओरडायचं नाही. मी तर नाहीच. उद्या आदगोंडांचं माणूस येईल, त्यानं कडी वाजवली की, बेंगलोरला असला तरी, पारिसानंच उठायचं, आणि उत्तर पारिसानंच द्यायचं.